पानी, पाणि आणि पाणी: शुद्धलेखनाचे दहा मार्क

टिटवाळ्याहून बोलतोय. मध्येच मागून धडधड ऐकू आली तर ती मालगाडी आहे असं समजा. कसारा लाईनला रुळांपासून शंभर पावलांवर घर असलं की रेकॉर्डिंग रात्री दीडनंतरच करावं लागतं, आणि मालगाड्याही नेमक्या तेव्हाच निघतात.

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो. ती सांगितल्याशिवाय हा विषय मला इतका का लागला ते कळणार नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका मंडळानं कथास्पर्धा ठेवली होती. मंडळाचं नाव सांगत नाही. परीक्षक दोघे. एक मी, पॉडकास्टवाला म्हणून. दुसऱ्या एक निवृत्त शिक्षिका, ज्यांना अख्खा टिटवाळा 'बाई' म्हणतो. प्रत्येक कथेला पन्नास मार्क आणि त्यातले दहा शुद्धलेखनाचे. तक्ता मंडळानंच छापून दिला होता. मी तो नीट वाचलासुद्धा नाही, सही केली आणि कथा घरी घेऊन आलो.

त्यात एक कथा होती काळू नदीच्या पुराची. आपली काळू, टिटवाळ्याच्या अंगाला लागून वाहते ती. पुराच्या रात्री एक मुलगी आणि तिचा बाप गोठ्यातली म्हैस सोडायला जातात, एवढीच गोष्ट. पण म्हैस पाण्यात उतरायला तयार नसते, बाप तिच्याशी बोलत राहतो, आणि मुलीला कळतं की बाप म्हशीशी बोलतो तितकं आपल्याशी कधी बोललेला नाही. मी ती कथा कल्याण ते टिटवाळा लोकलमध्ये उभ्यानं वाचली आणि स्टेशन आलेलं कळलं नाही. पुढे खडवलीला उतरून परत आलो.

कथेत चुका मात्र भरपूर. 'आणी' दीर्घ, 'पाणि' ऱ्हस्व, 'स्थीती', 'परीस्थीती'. संवादात 'पानी', 'डोला', 'बाबूस'. आणि नदीचं नाव पहिल्यापासून शेवटपर्यंत 'कालू'.

बाईंनी लाल पेन चालवलं होतं. शुद्धलेखनात दहापैकी शून्य. मी म्हटलं, "बाई, पण गोष्ट कसली आहे!" त्या म्हणाल्या, "गोष्ट चांगलीच आहे रे. मी कुठे नाही म्हणते? पण नियम तुझ्यासमोर ठेवलेत." बेरीज केली. ती कथा चौथी आली. बक्षिसं तीन. आणि मी गप्प बसलो.

तर त्या दहा मार्कांचा शोध घ्यायचा म्हणून मी इतिहासात शिरलो. लेखनाला बक्षीस द्यायचं आणि त्यात व्याकरण मोजायचं, हे मराठीत कधी सुरू झालं?

मराठी पुस्तकांना सरकारी बक्षीस देणारी पहिली मोठी यंत्रणा म्हणजे दक्षिणा प्राइज कमिटी. नाव विचित्र वाटतं ना? त्याला कारण आहे. पेशवाईत पुण्यात श्रावण महिन्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची, लाखांच्या घरात. १८१८ ला राज्य गेलं, पण इंग्रजांनी ती पद्धत एकदम मोडली नाही, हळूहळू कमी करत नेली. १८४९ मध्ये पुण्यातल्या काही सुधारक तरुणांनी अर्ज केला की या पैशातला काही भाग मराठीत पुस्तकं लिहिणाऱ्यांना द्या. त्यात लोकहितवादी, म्हणजे गोपाळ हरी देशमुख होते. सनातनी मंडळी प्रचंड भडकली. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात असं येतं की अर्ज करणाऱ्यांना मारहाण होईल अशी भीती होती, तेव्हा महार-मांग समाजातली माणसं घेऊन त्यांच्या संरक्षणाला उभा राहिला तो बावीस वर्षांचा एक तरुण. जोतीराव फुले.

हे लक्षात ठेवा, कारण लगेच कामाला येणार आहे.

फंडातून बक्षिसं सुरू झाली. १८५५ मध्ये याच फुल्यांनी एक नाटक लिहिलं, 'तृतीय रत्न', आणि याच कमिटीकडे पाठवलं. म्हणजे ज्या बक्षिसासाठी ते रस्त्यावर उभे राहिले होते, त्याच बक्षिसाच्या स्पर्धेत ते आता लेखक म्हणून उतरले. वय अठ्ठावीस. नाटकात एक कुणबी आणि त्याची गरोदर बायको जोगाबाई आहे. जोशीबुवा येऊन ग्रहांची भीती घालतो आणि पैसे उकळतो. मध्ये मध्ये विदूषक टोमणे मारतो, पाद्री येतो, आणि शेवटी नवरा-बायको रात्रीच्या शाळेत शिकायला निघतात. माणसं जशी बोलतात तशी बोलतात. मराठी रंगभूमीवर तेव्हा पौराणिक खेळ चालायचे, राक्षस आरडाओरडा करायचे. आणि इथे एक कुणब्याची बायको स्वतःच्या भाषेत स्वतःच्या घरातलं बोलतेय.

कमिटीनं नाटक नाकारलं. पुढे ते छापील स्वरूपात लोकांसमोर आलं १९७९ मध्ये. म्हणजे एकशे चोवीस वर्षांनी.

आता खरं सांगतो, इथवर आलो तेव्हा मला वाटलं, सापडलं! व्याकरणापायी फुल्यांचं बक्षीस गेलं, एपिसोड तयार. पण तसं नाही. फुल्यांनी स्वतः नंतर कारण लिहून ठेवलंय, आणि ते व्याकरणाचं नाही. कमिटीतल्या ब्राह्मण सभासदांचा आग्रह पडला आणि युरोपियन सभासद त्यांच्या भिडेला बळी पडले, असं त्यांचं म्हणणं. थोडक्यात, मजकूर नको होता. त्यामुळे 'शुद्धलेखनानं फुल्यांना हरवलं' असा रील कुणी बनवला तर कृपया फॉरवर्ड करू नका.

व्याकरण आलं, पण नंतर. आणि ते कसं आलं ते बघण्यासारखं आहे.

१८७४ च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' सुरू केली. नाटक नाकारलं गेलं तेव्हा हे गृहस्थ पाच वर्षांचे होते. भाषा त्यांच्या हातात तलवारीसारखी चालायची यात शंका नाही. स्वतःला मराठी भाषेचा शिवाजी म्हणवून घेणारा हा माणूस. या निबंधमालेत त्यांनी फुल्यांच्या पुस्तकांचा आणि सत्यशोधक समाजाचा समाचार घेतला. त्यात मुद्द्यांचा प्रतिवाद आहे, पण चेष्टा किती आहे बघा: फुल्यांचं व्याकरण कसं कच्चं, वाक्यं कशी मोडकी, याला लिहिता येत नाही आणि हा आम्हाला शिकवणार.

हा डाव तुम्हाला ओळखीचा वाटत असेल. कमेंटमध्ये कुणी काही मुद्दा मांडतो, खाली दुसरा लिहितो, 'आधी शुद्ध मराठी लिहायला शिक.' मुद्दा तिथेच मेला. हे चिपळूणकरांच्या काळापासून चालत आलंय.

बरं, चिपळूणकर ज्या व्याकरणाच्या काठीनं मारत होते, ती काठी किती जुनी होती? दादोबा पांडुरंगांचं 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ चं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा. विरामचिन्हं, म्हणजे हा स्वल्पविराम, हे प्रश्नचिन्ह, मराठीत रुजवायचं श्रेय मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याला देतात. म्हणजे छापील 'शुद्ध' मराठीचा साचा फुल्यांच्या आयुष्यातच तयार झालेला होता, आणि तो तयार करताना पंडित घेतले ते मुख्यतः पुण्याच्या बाजूचे, शास्त्री मंडळी. कुणब्याच्या बायकोला कुणी विचारलं नव्हतं की तू 'पाणी' म्हणतेस की 'पानी'.

१८८५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी फुल्यांना ग्रंथकारांच्या सभेचं निमंत्रण दिलं. फुल्यांनी नकाराचं पत्र पाठवलं, ते 'ज्ञानोदय'मध्ये छापून आलं. आमच्या माणसांच्या हक्कांचा विचार ज्यांच्या पुस्तकांत नाही, त्यांच्या सभांशी आमचं जमायचं नाही, असा त्याचा मथितार्थ. हे पत्र वाचाच कधीतरी. त्यात व्याकरण कसं आहे हे बघायची आठवणही राहत नाही.

आता जरा वेगानं पुढे जाऊ. १९ वं शतक संपता संपता पुण्यातच साने, गोडबोले, हातवळणे या मंडळींनी उच्चाराप्रमाणे लिहा, नको ती अनुस्वारं काढा असा आग्रह धरला आणि जोरदार वाद झाला. वाद पन्नासेक वर्षं धुमसत राहिला. १९६१ मध्ये मराठी साहित्य महामंडळ स्थापन झालं, १९६२ मध्ये त्याचे चौदा नियम सरकारनं मान्य केले, १९७२ मध्ये आणखी चार. एकूण अठरा. आज शाळेत, परीक्षेत, वर्तमानपत्रात जे 'शुद्ध' म्हणून चालतं ते हे अठरा नियम.

आणि गंमत अशी की या नियमांचं नाव 'शुद्धलेखनाचे नियम' नाहीच. 'मराठी लेखनविषयक नियम' असं साधं नाव आहे. 'शुद्ध' आपण लावलं. माझ्या शाळेत तर 'शुद्धलेखन' म्हणजे रोज एक पान पुस्तकात बघून उतरवणं. त्यानं अक्षर सुधारलं, बाकी काही नाही.

नियम बदलले म्हणजे काय झालं ते बघा. आजोबांची जुनी पुस्तकं उघडा: 'नांव', 'पांच', 'कांहीं', 'घरांत', 'मीं केलें'. डोक्यावर टिंबच टिंब. १९५५ मध्ये एखाद्या मुलानं 'नाव' असं लिहिलं असतं तर मास्तरांनी लाल गोळा केला असता. दहा वर्षांनी त्याच्या धाकट्या भावानं तेच लिहिलं तर बरोबर, आणि 'नांव' लिहिलं तर लाल गोळा. 'कवि' आणि 'बुद्धि' ऱ्हस्व होते, ते 'कवी' आणि 'बुद्धी' झाले. कवितेत यानं काही फरक पडला का? कवी तेच होते.

त्या नियमांतला एक नियम मी तीनदा वाचला. तो असा की केशवसुतांच्या आधीची कविता आणि चिपळूणकरांच्या आधीचं गद्य छापताना मुळात जसं आहे तसंच छापायचं. त्यानंतरचं सगळं, केशवसुत आणि चिपळूणकर धरून, नव्या नियमांप्रमाणे दुरुस्त करून छापायचं.

कळलं का काय झालं? फुल्यांचं १८५५ चं नाटक चिपळूणकरांच्या आधीचं. त्याला हात लावायचा नाही. आणि ज्यांनी फुल्यांच्या चुका काढल्या, त्या चिपळूणकरांच्या गद्यातली टिंबं मात्र आजच्या छपाईत काढून टाकायची. मालगाडी जात असताना मी हे वाचलं आणि एकटाच मोठ्यानं हसलो. आई उठून आली.

(या नियमानं फुल्यांचं सगळंच सुटतं असंही नाही. 'शेतकऱ्याचा आसूड' १८८३ चा, तो रेषेच्या पलीकडे पडतो.)

आणखी एक नियम आहे, आणि तो मला त्या परीक्षणाच्या दिवशी माहीत असायला हवा होता. कथा-कादंबरीत पात्राच्या तोंडी जी भाषा येते, ती त्या पात्राच्या उच्चाराप्रमाणे लिहायला नियमच परवानगी देतो. म्हणजे आगरी बाप 'पानी' म्हणाला तर 'पानी'च लिहायचं. आगरीत 'ण'चा 'न' होतो, 'ळ'चा 'ल' होतो. शाळेची शाला, डोळ्याचा डोला, आणि काळूची कालू. बाईंनी जिथे जिथे लाल केलं होतं, त्यातलं निम्मं महामंडळाच्या पुस्तकाप्रमाणेच बरोबर होतं. नियम बाईंना पाठ होते. मला एकही पाठ नव्हता, आणि भांडायला तेवढा एक पुरला असता.

आता मला बाईंच्या बाजूनंही बोलायचंय. त्या दिवशी चहा घेताना त्या म्हणाल्या, "हे बघ, तुला वाटतं मी दुष्ट आहे. मी आयुष्यभर पाड्यावरची पोरं शिकवली. 'चालतं, पोरगी गरीब आहे' म्हणून मी सोडून दिलं, तर उद्या तलाठ्याच्या परीक्षेत तिला कोण सोडून देणार आहे? तू?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही पूर्ण नाही. तलाठी भरतीच्या परीक्षेत मराठीचे प्रश्न असतात, स्पर्धा परीक्षा देणारी आमच्याकडची पोरं मो. रा. वाळंब्यांचं व्याकरण उशाशी घेऊन झोपतात. ठाण्याच्या अरुण फडक्यांनी या एका विषयाला आयुष्य दिलं. त्यांचा 'मराठी लेखन-कोश' शब्दासोबत त्याचं सामान्यरूपही देतो, कारण माणसं अडकतात ती तिथेच. २०२० मध्ये ते गेले. अशा माणसांना 'ग्रामर नाझी' म्हणून उडवून लावणं सोपं आहे, पण तुमचं पुस्तक छापायला जाईल तेव्हा अशाच कुणाच्या तरी हातून जावं अशी प्रार्थना करा.

पण हे नियम सगळ्यांना सारखे सोपे आहेत का, हेही विचारायला पाहिजे. एक उदाहरण देतो. 'गरीब' या शब्दात री दीर्घ. 'गरिबाला' म्हटलं की ती ऱ्हस्व होते. 'शरीर' यातही री दीर्घ, पण 'शरीराला' म्हटलं तरी दीर्घच राहते. का? तर शरीर हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द आणि गरीब हा अरबीतून आलेला. म्हणजे बरोबर लिहायचं असेल तर दहावीतल्या पोरीला आधी शब्दाचं मूळ गाव माहीत पाहिजे. ज्याच्या घरात चार पिढ्या पुस्तकं आहेत त्याला हे डोळ्यांनी कळतं, नियम आठवावा लागत नाही. जी घरात पहिल्यांदाच लिहितेय, ती मोबाईलच्या कीबोर्डवर जो पर्याय आधी दिसेल तो दाबते. हे दहा मार्क कथेचे असतात की घरातल्या कपाटाचे?

आणि लेखन म्हणजे तरी काय? खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. ओव्या त्या शेतात, जात्यावर म्हणायच्या. मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी त्या उतरवून घेतल्या, आचार्य अत्र्यांनी उचलून धरल्या, आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं, बहिणाबाई गेल्याच्या पुढच्या वर्षी. त्यांचं ऱ्हस्व-दीर्घ कुणाचं तपासणार? उतरवणाऱ्याचं? लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'ला १९८१ मध्ये साहित्य अकादमी मिळालं, आनंद यादवांच्या 'झोंबी'ला १९९० मध्ये. दोन्हीकडे बोली अंगभर आहे. देशाच्या सगळ्यात मोठ्या साहित्य संस्थेच्या परीक्षकांना त्याची अडचण झाली नाही आणि आमच्या मंडळाच्या तक्त्याला झाली.

माझं आज जे मत आहे ते सांगतो, पटलं तर घ्या. चूक आणि चूक यात फरक आहे. 'आणी' लिहिलं तर मला अर्थ कळतो, छापताना प्रूफ बघणारा दोन सेकंदात ते दुरुस्त करेल. 'पानी' ही चूकच नाही. पण कोण कुणाला म्हणालं तेच कळत नाही, काळ मध्येच बदलतो, वाक्य सुरू होतं एकाचं आणि संपतं दुसऱ्याचं, ही लेखनातली चूक, आणि तिचे मार्क मी कापणार. अशा कथाही त्या गठ्ठ्यात होत्या. एकीत एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं नव्हतं, आणि नायक मेला की नायकाचा मित्र मेला हे मला अजून माहीत नाही. तिला दुसरं बक्षीस मिळालं.

बक्षीस समारंभाला ती पुरवाली मुलगी आली होती. बारावीत होती. बाबा बरोबर आलेले, मागे भिंतीला टेकून उभे. कार्यक्रम संपल्यावर ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, माझी कथा परत मिळेल का? चुका कुठे आहेत ते बघायचंय." बक्षीस का नाही मिळालं, असं तिनं विचारलंच नाही.

कागद माझ्या बॅगेतच होते, बाईंच्या लाल खुणांसकट. मी ते दिले. देताना एवढंच म्हणालो की 'पाणि' ऱ्हस्व लिहिलं तर संस्कृतात त्याचा अर्थ हात होतो, लग्नातलं पाणिग्रहण असतं ना, तो. ती हसली. म्हणाली, "म्हणजे माझ्या गोष्टीत हातांचा पूर आलाय." खरं तर तेव्हा मी तिला सांगायला हवं होतं की कथा तिथे आलेल्या सगळ्यांत चांगली होती. सांगितलं नाही. परीक्षकानं असं बोलू नये, असं काहीतरी डोक्यात होतं. आज इथे बोलतोय, पण ती हे ऐकते की नाही मला माहीत नाही.

बाईंना मी गेल्या महिन्यात महामंडळाचा तो पात्रांच्या भाषेचा नियम नेऊन दाखवला. चष्मा लावून त्यांनी पूर्ण वाचला. मग म्हणाल्या, "हे मला माहीत होतं रे. 'डोला', 'पानी' यांचे मी मार्क कापलेच नव्हते, नुसती खूण केली होती. पण 'कालू' संवादात नव्हतं, निवेदनात होतं." मी म्हटलं, "बाई, निवेदन त्या मुलीचंच आहे ना, 'मी' म्हणून?" त्या थोडा वेळ गप्प बसल्या. म्हणाल्या, "मग ते पात्रच झालं." आणि चहा ठेवायला आत गेल्या.

यंदा त्याच मंडळानं आम्हा दोघांना पुन्हा बोलावलंय. तक्ता या वेळी बाईंनीच हातानं नवा लिहून दिलाय. शुद्धलेखनाचे दहा मार्क काढलेत, त्यांच्या जागी 'कळते का?' असा रकाना केलाय. खाली एक ओळ घातलीय, की निवडलेली प्रत्येक कथा छापायच्या आधी लेखकाला समोर बसवून दुरुस्त करायची, आणि ते काम बाई स्वतः करणार. मंडळानं अजून हो म्हटलेलं नाही. अध्यक्षांचं म्हणणं, शुद्धलेखनाला मार्क नाहीत म्हटलं तर लोक काय म्हणतील. अंगारकीच्या गर्दीतून वाट काढत उद्या पुन्हा त्यांच्याकडे जायचंय, बाईंना घेऊन.

शाळेत, कॉलेजात, गणेशोत्सवाच्या स्पर्धेत तुमचे असे मार्क गेले असतील तर व्हॉइस नोट पाठवा. टाईप करून पाठवलं तरी चालेल, ऱ्हस्व-दीर्घ मी बघणार नाही. पुढचा भाग दक्षिणा फंडातून कोणकोणती पुस्तकं आली त्यावर.